‘सांगड’ : वस्तू, शब्द आणि वाक्प्रचार

मराठी समीक्षेच्या भाषेत ‘सांगड घालणे’ या वाक्प्रचाराइतका सर्रास वापरला जाणारा वाक्प्रचार क्वचितच आढळेल. परंपरा आणि नवता, आशय आणि अभिव्यक्ती, वास्तव आणि कल्पित, भक्ती आणि ज्ञान अशा कोणत्याही जोडीची ‘सांगड’ घातली की विवेचनाचा परिच्छेद पुरा झाला, अशी समजूत पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांतून तर दिसतेच, पण प्रतिष्ठित ग्रंथांच्या प्रस्तावनांतूनही दिसते. हा शब्द मुळात पाण्यावरचा आहे, तो एका तरंगत्या साधनाचे नाव आहे, याचे भान मात्र लेखकाला व वाचकाला फारसे उरलेले नाही. रूढ झालेल्या रूपकाचे मूळ विसरले जाणे ही भाषेतील नित्याची गोष्ट होय. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु ‘सांगड’च्या बाबतीत या विस्मरणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, ज्ञानेश्वरीतील एका महत्त्वाच्या रूपकाचा अर्थ अर्धवट लागतो. आणि दोन, समीक्षेत जेथे दोन गोष्टी मुळात वेगळ्या नाहीत तेथेही त्यांची ‘सांगड’ घातली जाते. म्हणून या शब्दाचा अर्थ, प्रयोग आणि व्युत्पत्ती यांचा एकत्र विचार करणे अगत्याचे ठरते.

प्रथम वस्तूकडे पाहू. सांगड म्हणजे नाव नव्हे, होडी नव्हे आणि तारूही नव्हे. दोन डोण्या किंवा दोन होड्या शेजारी ठेवून, आडव्या काठ्या टाकून दोरांनी एकत्र बांधल्या की जे साधन तयार होते ती सांगड. एकाच ओंडक्यातून कोरलेली डोण अरुंद असते. तिच्यात माणूस उभा राहिला किंवा जनावर चढवले तर ती कलंडते. तशाच दोन डोण्या थोडे अंतर ठेवून जखडल्या की एक कलंडू पाहते तेव्हा दुसरी तिला सावरते, आणि वर फळ्या आंथरल्या की बैलगाडी वाहून नेण्याइतका रुंद मंच मिळतो. दोन्ही डोण्या आपापल्या जागी पूर्ण असतात. दोर सोडला की त्या पुन्हा दोन होतात. याच नावाने ओळखले जाणारे दुसरे साधन अधिक साधे व बहुधा अधिक प्रचारातील होते. वाळवलेले, आतून पोकळ झालेले भोपळे एकमेकांना बांधून त्यांच्या आधाराने माणूस नदी उतरून जाई. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती, १८५७) हे दोन्ही अर्थ नोंदवले असून, फळे, जनावरे किंवा माणसे यांच्या एकत्र जोडलेल्या समूहालाही सांगड म्हणतात, असे दिले आहे. लाकूड कातणाऱ्या कारागिराच्या यंत्रातील, लाकूड घट्ट धरून ठेवणारा भाग हाही एक अर्थ तेथे आहे. तो पाण्यापासून दूरचा वाटतो खरा. त्याचा उलगडा व्युत्पत्तीकडे वळल्यावर होतो.

सांगड हा शब्द ‘संघट्ट’ या संस्कृत शब्दापासून काढण्याचा मोह होतो, कारण ‘संघट्ट’ कानाला जवळचा वाटतो. पण अर्थ आणि ध्वनी हे दोन्ही त्याच्या विरुद्ध जातात. संघट्ट म्हणजे घर्षण, टक्कर. सांगडीत टक्कर टाळणे हेच तर मुख्य काम. ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ट’ प्राकृतात ‘ड’ होतो व मराठीत तसाच उतरतो : घोटक–घोडा, वट–वड, कीटक–किडा, कटुक–कडू. जोड ‘ट्ट’ मात्र ‘ट’च राहतो : पट्ट–पाट, हट्ट–हाट. तेव्हा ‘संघट्ट’पासून शेवटी ‘ट’ असलेला शब्द मिळाला असता, ‘ड’ असलेला नव्हे. ‘सांगड’चे मूळ ‘संघाट’ हेच होय. ‘सम्’ उपसर्ग लागलेल्या ‘घट्’ धातूपासून बनलेल्या या शब्दाचा अर्थ लाकडांची जुळणी, सुतारकामातील सांधणी असा आहे. प्राकृतात त्याचे ‘संघाड’ झाले. मराठीत अनुस्वारामागचा ‘घ’ अल्पप्राण होऊन ‘ग’ झाला. ‘संध्या’, ‘संझा’ आणि मग ‘सांज’ असा जो प्रवास झाला त्यातही नेमकी हीच क्रिया आहे. मधला दीर्घ ‘आ’ ‘सांगड’मध्ये ऱ्हस्व झाला, पण ‘क’ प्रत्यय लागून वाढलेल्या भावंडात तो टिकला, आणि ते भावंड म्हणजे ‘सांगाडा’. घराच्या लाकडी चौकटीचा सांगाडा, आणि पुढे हाडांचा सांगाडा. कातकामाच्या यंत्राला ‘सांगाडी’ म्हणत, ते याच नात्याने. टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ही तिन्ही मराठी रूपे ‘संघाट’खाली एकत्र आलेली आहेत. त्याआधी ज्यूल ब्लॉक यांनी आपल्या मराठीविषयक प्रबंधात (१९२०, वासुदेव गोपाळ परांजपे यांचा मराठी अनुवाद, १९४१) या शब्दाचा माग काढला होता. ‘संघटना’ हा आजचा प्रतिष्ठित तत्सम शब्दही त्याच ‘सम्’ आणि ‘घट्’ यांचा आहे. म्हणजे सभेच्या व्यासपीठावरची संघटना, नदीवरची सांगड आणि स्मशानातला सांगाडा ही एका घरची मंडळी होत.

सुतारकामातील सांधणीचा अर्थ आधीचा आणि जलवाहनाचा नंतरचा, हे मान्य केले तरी हे अर्थांतर मराठीत झालेले नाही, ते फार पूर्वीचे आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात राम-लक्ष्मणांना यमुना ओलांडायची असते. तेथे नावाडी नाही, नाव नाही. दोघे भाऊ लाकडे जोडून मोठा प्लव तयार करतात, आणि लक्ष्मण वेताच्या व जांभळीच्या फांद्या तोडून सीतेसाठी त्यावर आसन करतो. या लाकडांच्या जुळणीला तेथे ‘काष्ठसंघाट’ म्हटले आहे. गंगा गुहाच्या नावेतून ओलांडली गेली आणि यमुना स्वतः बांधलेल्या संघाटावरून, हा तपशील सहसा लक्षात घेतला जात नाही. नाव दुसऱ्याची असते, संघाट स्वतः बांधावा लागतो. हा भेद ज्ञानेश्वरीकडे जाताना पुन्हा उपयोगी पडेल.

पाली वाङ्मयात ‘संघाट’ तराफ्याच्या अर्थी रुळलेला आहे. जातककथांत ‘नावासंघाट’ येतो. पण मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा पुरावा मिलिंदपञ्हात आहे. नौकेचे गुण सांगताना नागसेन मिलिंद राजाला समजावतो की, नाव ज्याप्रमाणे नाना प्रकारच्या लाकडांच्या संघाटामुळे पुष्कळ जनांना तारून नेते, त्याप्रमाणे साधकाने आचार, शील, व्रत अशा नाना धर्मांच्या संघाटाने देवांसह सर्व जगाला तारावे. लाकडांचा संघाट आणि धर्मांचा संघाट, असा शब्द त्याने दोनदा योजला आहे. अमूर्त गोष्टींची ‘सांगड घालण्या’चा आजचा मराठी प्रयोग आधुनिक समीक्षकांनी घडवला असे कोणास वाटत असेल तर या ठिकाणी तो समज दूर व्हावा. मात्र नागसेनाच्या दृष्टांतात एक अट स्पष्ट आहे, ती म्हणजे हा संघाट कशासाठी तरी आहे. पलीकडे जायचे आहे, म्हणून जुळणी. पलीकडे जाण्याचे प्रयोजन नसेल तर जुळलेली लाकडे ही केवळ मोळी होय.

जैन परंपरेतील ‘अंगविज्जा’ हा प्राकृत ग्रंथ मुनी पुण्यविजय यांनी संपादित करून १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात जलवाहनांची जी नावे येतात त्यांत ‘संघाड’ आहे, आणि त्याच यादीत तुंब, कुंभ व दति हीही आहेत. म्हणजे भोपळा, घडा आणि कातड्याची पखाल. नाव व पोत यांच्या पंक्तीला भोपळा आणि घडा बसवणाऱ्या या ग्रंथकाराला नदीकाठचे जीवन प्रत्यक्ष ठाऊक असले पाहिजे. मराठी कोशातील दोन डोण्यांची सांगड आणि भोपळ्यांची सांगड या दोन्ही वस्तू येथे शेजारी शेजारी उभ्या आहेत.

आता ज्ञानेश्वरी. सातव्या अध्यायात भगवंताच्या दुस्तर मायेचे विवेचन करताना ज्ञानदेवांनी मायानदीचे जे विस्तृत रूपक रचले आहे ते सर्वपरिचित आहे, आणि अभ्यासक्रमातही ते वारंवार नेमले जाते. या रूपकात नदी ओलांडण्याची जी साधने येतात ती एकमेकांचे पर्याय म्हणून सहज बदलून घालता येतील अशी नाहीत. स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून कोणी उडी घेतो. त्याचा पत्ताच लागत नाही. कोणी वेदत्रयाच्या ‘सांगडी’ घेतो, पण बरोबर अहंभावाच्या धोंडीही घेतो, आणि मदरूपी मासा त्याला सगळाच्या सगळा गिळतो. कोणी तारुण्याचे ‘जाड’ बांधतो, मदनाच्या ‘कासे’ला लागतो, आणि विषयाची मगर त्याला चघळून टाकते. याउलट ज्यांना सद्‌गुरू हे ‘तारू’ लाभले, ज्यांनी अनुभवाची ‘कास’ घट्ट धरली, ज्यांना आत्मनिवेदनाचे ‘तरांडे’ सापडले, त्यांची गोष्ट वेगळी.

‘सांगडी’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘नौका’ असा देऊन पुढे गेल्यास येथील चित्र विसकटते. नावेत दगड ठेवला तर नाव थोडी जड होते, इतकेच. वाळूने भरलेल्या नावाही नदीतून जातातच. भोपळ्यांच्या सांगडीला धोंडा बांधणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. सांगड तरंगते ती भोपळा आतून रिकामा असतो म्हणून. तिचे सारे सामर्थ्य त्या पोकळीत आहे. तिच्या दोरीला जर धोंडा बांधला तर ज्या दोरीने तरायचे तीच दोरी बुडवते. वेदाध्ययनाचा अहंकार या विषयावर ज्ञानदेवांनी केलेला हा शेरा आहे, आणि त्याची धार ‘सांगडी’ या एका शब्दाच्या अचूक वस्तुज्ञानावर अवलंबून आहे. वेद बुडवतात असे ते म्हणत नाहीत. सांगड चांगलीच आहे. तिच्यासोबत काय बांधले, हा प्रश्न आहे. शिवाय वेद तीन म्हणून ‘सांगडी’ हे अनेकवचन. हे भोपळे एकत्र बांधलेले आहेत, आणि बांधणारा हात तरणाऱ्याचाच आहे. बाहुबळ आणि सांगड ही दोन्ही स्वप्रयत्नाची साधने ज्ञानदेवांनी बुडणाऱ्यांच्या बाजूला घातली, आणि तारू, म्हणजे दुसऱ्याने चालवलेली नौका, तरणाऱ्यांच्या बाजूला, हा योगायोग नसावा. या रूपकाचा शेवट तर साधनांच्याही पलीकडे जातो : जे सर्वभावे भजले, त्यांच्यासाठी मायेचे पाणी अलीकडच्या काठावरच संपून गेले.

बाराव्या अध्यायात हाच शब्दसंसार पुन्हा येतो, पण तेथे तारणारा स्वतः भगवंत आहे. नामाच्या सहस्रावधी नावा सजवून तो संसारात तारू होतो. जे सडे, एकटे दिसतात त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो. परिग्रह असलेल्यांना, म्हणजे प्रपंची माणसांना, तरीवर घालतो. आणि कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला सायुज्याच्या तटाला आणतो. एकट्याला पोहणाऱ्याची कास पुरे, बायकामुले असलेल्याला तर हवी, हे घाटावरचे शहाणपण आहे. या संदर्भात एक गोष्ट सहज नमूद करावीशी वाटते. ‘कास धरणे’ हाही आजचा घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार. विज्ञानाची कास, लोकशाहीची कास. पोहणाऱ्याच्या कमरेच्या वस्त्राला धरून मागून तरत जाणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे. ‘सांगड’ आणि ‘कास’ हे दोन शब्द एकाच नदीतून वर आले आणि एकाच प्रकारे कोरडे झाले.

नदीवरचा हा शब्द समुद्रावरही गेला, आणि तेथे त्याचा प्रवास थक्क करणारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील कमारा, पोदुके आणि सोपत्मा या बंदरांचे वर्णन करताना, एकेका ओंडक्याची जहाजे एकत्र बांधून केलेल्या फार मोठ्या नौकांना ‘संगारा’ म्हणतात, असे लिहिले आहे. ग्रीकात ‘ड’ हा मूर्धन्य वर्ण नसल्याने तो ‘र’ने दाखवला गेला. ब्लॉक यांनी मराठी ‘सांगड’ची तुलना या शब्दाशी आणि तमिळ व तुळू भाषांतील जोडनौकेच्या नावांशी केली होती. मल्याळम भाषेत ‘चङ्ङाडम्’ म्हणजे तराफा, आणि केरळच्या खाड्यांतून मोटारी पलीकडे नेणाऱ्या जोडनौकेला ‘जंकार’ म्हणतात. सिंहली भाषेत याच मुळाचा शब्द ‘जोडी’ या अर्थी आहे आणि जोडनौकेच्या अर्थीही.

पोर्तुगीज मलबारला आले तेव्हा त्यांनी हा मल्याळम शब्द उचलला आणि ‘जांगाडा’ असा केला. गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आपल्या लुसो-आशियाई शब्दसंग्रहात (१९१९–२१) त्याची दखल घेतली आहे. पोर्तुगीजांनी तो पुढे ब्राझीलला नेला, आणि तेथील ईशान्य किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके जोडून केलेल्या आपल्या शिडाच्या तराफ्याला जांगाडाच म्हणू लागले. ज्यूल व्हर्न यांच्या अॅमेझॉनवरील कादंबरीचे (१८८१) नाव हेच, आणि जुझे सारामागू यांच्या १९८६ च्या कादंबरीत अख्खा आयबेरियन द्वीपकल्प युरोपपासून तुटून दगडाचा ‘जांगाडा’ होऊन समुद्रात तरंगू लागतो. लिस्बनच्या त्या वाचकाच्या आणि आळंदीच्या वारकऱ्याच्या ओठांवर एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, याची दोघांनाही कल्पना नसेल.

आपल्याकडे शब्द आणि वस्तू या दोन्हींची गाठ अद्याप सुटलेली नाही असे ठिकाण म्हणजे गोवा. कोकणीत शब्दाचे रूप ‘सांगोड’. कुंभारजुवे येथे गणेशोत्सवाच्या दिवसांत होणारा सांगोडोत्सव प्रसिद्ध आहे. दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर पौराणिक प्रसंगांचे देखावे उभारतात आणि ते पाण्यातून मिरवतात. बार्देशच्या किनारपट्टीवरील गावांत २९ जून रोजी, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाला, ख्रिस्ती मच्छीमार अशाच जोडहोड्यांचा मंच करून त्यावर गाणी व नाट्यप्रवेश सादर करतात. पीटर हा स्वतः मच्छीमार, आणि पावसामुळे दर्याची मासेमारी थांबलेली. तेव्हा एरवी पोटासाठी समुद्रात जाणाऱ्या दोन होड्या त्या दिवसापुरत्या रंगमंच होतात. शब्द एक, वस्तू एक, उत्सव दोन धर्मांचे. गोव्याच्या लोकसंस्कृतीवर लिहिताना येथे ‘दोन धर्मांची सांगड’ असे वाक्य सहज लिहिले जाईल, आणि ते एरवीच्या अशा वाक्यांपेक्षा अधिक खरे असेल, कारण या दोन होड्या कोणी एकमेकींत वितळवून टाकलेल्या नाहीत.

समीक्षेतील प्रयोगाचा प्रश्न येथे उभा राहतो. मराठीत समन्वय, मिलाफ, संयोग, मेळ, एकजीव होणे असे अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी जोडणीची निराळी कल्पना आहे. समन्वयात विरोधाचा परिहार आहे, मिलाफात दोन प्रवाह एक होतात, एकजीव झालेल्या गोष्टी पुन्हा सुट्या होत नाहीत. सांगडीत यांपैकी काहीच नाही. तीत दोन पूर्ण वस्तू आहेत, दोन्ही स्वतंत्रपणे तरंगणाऱ्या आहेत, मध्ये अंतर आहे, बांधणारा बाहेरचा आहे, आणि बंधन कार्यापुरते आहे. ‘नोकरी आणि लेखन यांची सांगड घातली’ या वाक्यात प्रयोग अचूक आहे. दोन्ही वेगळी, दोन्ही चालती, आणि बांधणारा माणूस तिसरा. ‘वारकरी परंपरेने नामस्मरण आणि प्रपंच यांची सांगड घातली’ हेही चालेल. पण ‘या कवितेत आशय आणि अभिव्यक्ती यांची सांगड घातली आहे’ असे लिहिणारा समीक्षक, त्याच्या नकळत, एक सिद्धान्त मांडून बसतो : आशय आधी एका काठाला सिद्ध होता, अभिव्यक्ती दुसऱ्या होडीत तयार होती आणि कवीने दोर आणून दोन्ही जखडल्या. हा सिद्धान्त कोणी जाणीवपूर्वक मांडला तर त्याच्याशी वाद घालता येईल. बहुतेक वेळा मात्र तोच समीक्षक पुढच्याच परिच्छेदात आशय-अभिव्यक्तीच्या अभिन्नतेची ग्वाही देत असतो.

उलट बाजूची चूकही आढळते. ज्या दोन गोष्टींपैकी एक स्वतः तरंगूच शकत नाही त्यांचीही सांगड कल्पिली जाते. एखाद्या कादंबरीतील उसना तात्त्विक भाग आणि तिचे जिवंत कथानक यांची ‘उत्तम सांगड’ लेखकाने घातली असे परीक्षणात म्हटलेले असते. प्रत्यक्ष वाचताना दिसते ते असे, की कथानक त्या तात्त्विक ओझ्याला ओढत नेते आहे. ज्ञानदेवांच्या शब्दांत ती सांगड नव्हे, सांगडीला बांधलेली धोंड होय. हा भेद दाखवणे शिक्षकाला वर्गात सहज शक्य आहे. त्यासाठी सातव्या अध्यायातील त्या ओव्या शिकवताना ‘सांगडी’ शब्दापाशी दोन मिनिटे थांबावे आणि फळ्यावर दोन भोपळे, एक दोरी व एक दगड काढावा.

‘सांगड’ला मराठीत क्रियापदेही मोजकीच लागतात : सांगड घालतात, सांगड बसते किंवा बसत नाही. कोशांत ‘सांगडणे’ हे क्रियापद होते, ते प्रचारातून गेले. पैलतीराला पोचल्यावर दोर सोडून दोन्ही होड्या आपापल्या कामाला मोकळ्या करण्याच्या क्रियेला मात्र समीक्षेच्या भाषेने शब्दच घेतलेला नाही. कुंभारजुव्याला ती दर वर्षी उत्सव संपला की होते.